पिकअपचे डिझेल जाते कुठे?



हंगाम तोंडावर आला की आपल्या गट कार्यालयात दोन विषय हमखास निघतात. पहिला, तोड कधी मिळणार. दुसरा, वाहतुकीचा दर. दुसरा विषय निघाला की पाच मिनिटांत बोलणे डिझेलच्या भावावर येते, मग सरकारवर येते, आणि चहा आला की संपते. डिझेल महाग आहे याविषयी माझा वाद नाही. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो आणि २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचा भाव बाजारावर सोडण्यात आला, तेव्हापासून तो आपल्या गट कार्यालयातल्या चर्चेने खाली येणार नाही हे उघड आहे. परंतु भावाचा विचार करता करता आपण दुसरी गोष्ट विसरून बसलो आहोत. भाव गुणिले लिटर असा तो हिशोब आहे. भाव हातात नाही. लिटर मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहेत, आणि ते कोणी मोजत नाही.

मीही मोजत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी पिकअप घेतली. बेणे आणायचे, खताची पोती आणायची, सोयाबीन वाशीमच्या बाजार समितीत न्यायचे, उन्हाळ्यात शेजाऱ्यांचा कांदा-टमाटा अकोल्याला टाकायचा, अशी तिची कामे. हल्ली आपल्या रिसोड-मालेगाव भागात दर दोन-चार घरांआड एखादी पिकअप किंवा छोटा हत्ती उभा दिसतो, त्यातलीच ही एक. गाडीवर गावातलाच एक होतकरू मुलगा ठेवला. मुलगा निर्व्यसनी, कामाला वाघ. गाडी मात्र लिटरला साडेदहा किलोमीटरच्या वर जाईना. मी विचारले तर म्हणे, "भाऊ, गाडीच जुनी हाये, पंप गेला आसन." मिस्त्रीला दाखवली. मिस्त्रीने हवेची जाळी बदलली, ऑइल बदलले, पंप तपासला आणि सांगितले की गाडीत दोष नाही. मी मनात म्हटले, मिस्त्रीला काही कळत नाही.

पुढे त्या मुलाच्या बहिणीचे लग्न निघाले. तो महिनाभर रजेवर गेला आणि माझा पुतण्या गाडी चालवू लागला. पुतण्या पंचेचाळिशीचा, अंगाने जड, स्वभावाने त्याहून जड. त्याच्या हाताखाली तीच गाडी, तोच रस्ता, जवळपास तोच माल, आणि सरासरी आली साडेबारा. मला खरे वाटेना. पुन्हा एकदा टाकी काठोकाठ भरून हिशोब केला. पुन्हा साडेबाराच.

साडेदहा आणि साडेबारा यांत फरक दोनच किलोमीटरचा दिसतो. पण महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पहिल्या हिशोबाने २३८ लिटर डिझेल लागते आणि दुसऱ्या हिशोबाने २००. महिन्याला ३८ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ३,४०० रुपयांच्या वर. वर्षाचे चाळीस हजार. एवढ्या रकमेसाठी आपण सोसायटीत सचिवाच्या पुढे किती वेळ उभे राहतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

मुलगा परत आला तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. आठ दिवस त्याच्या शेजारी बसून फिरलो. तेव्हा जे पाहिले ते सांगतो, कारण माझी खात्री आहे की ते आपल्यापैकी निम्म्या सभासदांच्या गाडीत चालू आहे.

गाडी सुरू झाली की तो पहिल्या गियरमध्येच इंजिनाचा आवाज गगनाला नेई. मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी तेच. समोर गतिरोधक दिसत असतानाही पाय पॅडलवरच. गतिरोधक दहा हातांवर आला की करकचून ब्रेक. पुन्हा पहिल्यापासून आवाज. डावा पाय सदैव क्लचवर टेकलेला. मोकळा रस्ता मिळाला की काटा ऐंशी-पंच्याऐंशीवर. खताच्या दुकानापुढे गाडी उभी करून पोती भरून होईपर्यंत इंजिन चालूच. विचारले तर म्हणे, "बंद-चालू केल्यानं जास्त डिझेल लागते ना भाऊ."

यातले एक-एक पाहू. शास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही, पण एवढे गणित दहावी झालेल्या कोणालाही करता येते.

भरलेली पिकअप, गाडी आणि माल मिळून, तीन टनांच्या घरात जाते. एवढे वजन थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला आणायला जी शक्ती लागते ती डिझेलमधूनच येते, आणि डिझेल इंजिन दर लिटरमधली जेमतेम तीस टक्के शक्ती चाकापर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते. हिशोब केला तर एकदा थांबून पुन्हा ६० चा वेग घ्यायला सुमारे ४० मिलिलिटर डिझेल खर्ची पडते. चहाचा छोटा कप असतो, जवळपास तेवढे. आपण ब्रेक दाबला की ते कपभर डिझेल ब्रेकच्या पट्ट्यांत तापून संपते. पंचवीस वेळा असे केले की एक लिटर गेले. रिसोडहून वाशीमला जाऊन येईपर्यंत किती गतिरोधक, किती म्हशी, किती शाळांची फाटके लागतात ते मोजून पाहा.

याचा अर्थ ब्रेक दाबू नये असा नाही. समोर म्हैस आली तर दाबलाच पाहिजे. अर्थ असा की दोनशे पावले आधी गतिरोधक दिसतो तेव्हाच पॅडलवरून पाय काढावा. गाडी गियरमध्ये असू द्यावी. जो वेग आपण पैसे देऊन विकत घेतला तो ब्रेकने जाळण्याऐवजी तेवढे अंतर फुकटात तोडण्यासाठी वापरावा. पुतण्या नेमके हेच करतो, आणि त्याला हे कोणी शिकवलेले नाही. तो बैलगाडी हाकलेला माणूस आहे. ज्यांनी भरल्या गाडीला बैल जुंपले आहेत त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. चढ दिसला की शहाणा गाडीवान बैलांना आधीपासून संथ चाल धरायला लावतो. चढाच्या मधोमध तुतारी टोचणारा गडी बैलही मोडतो आणि जूही. इंजिनाला तोंड नाही म्हणून ते ओरडत नाही. वस्तुतः ते ओरडतेच, आपण त्याला गाडीचा रुबाब समजतो.

गियरचेही तसेच. पिकअपच्या डिझेल इंजिनाची खरी ओढ दीड हजार ते बावीसशे-अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान असते. त्यापुढे आवाज वाढतो, ओढ वाढत नाही. वेळीच वरचा गियर टाकावा. मात्र काही जण हे ऐकून उलटे टोक गाठतात आणि वीसच्या वेगाला चौथ्या गियरमध्ये गाडी फरफटत नेतात. गाडी थरथरू लागली की खालचा गियर टाकलाच पाहिजे, नाहीतर डिझेलचे वाचलेले पैसे मिस्त्री घेऊन जातो.

आता वेगाविषयी. हवा आपल्याला मोकळी वाटते, पण गाडीला ती मोकळी नसते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. ५५ वरून ८० वर गेलो तर तो दुपटीहून अधिक. वर ताडपत्री फडफडत असेल, किंवा कडबा केबिनच्या वर हातभर आला असेल तर विचारूच नका. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे की, ताशी ४५ ते ५५ च्या वेगाने चालणारी गाडी ८० ने चालणाऱ्या गाडीपेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त अंतर तोडते. तो आकडा मोटारींच्या चाचण्यांचा आहे आणि त्यातला 'पर्यंत' हा शब्द विसरू नये. निम्मा फायदा पदरात पडला तरी पुष्कळ झाले.

ही काही नवी अक्कल नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडवले आणि थोड्याच महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला, तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने १९७४ साली कायदा करून सर्व रस्त्यांवरचा वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे आपल्या ८८ किलोमीटरवर आणला. ज्यांच्या घरात दोन-दोन मोटारी त्यांनी डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी पाय आवरला. तो निर्बंध तिकडे १९९५ पर्यंत टिकला. आपल्याकडे मात्र समृद्धी महामार्ग झाल्यापासून पिकअपवाल्या पोरांना पंख फुटले आहेत. आपल्या जिल्ह्यातून मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा भागातून तो रस्ता जातो. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. रस्ता उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण मोटारींना तिथे १२० ची मर्यादा आहे आणि मालवाहू गाड्यांना ८० ची, हे ध्यानात घ्यायला कोणी तयार नाही. शंभरने पळणाऱ्या पिकअपला ८० पेक्षा दीडपटीहून अधिक हवा फोडावी लागते. शिवाय त्या सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात कमी हवेचे टायर काय करतात याच्या बातम्या आपण वाचतोच.

वेळ वाचतो म्हणावे तर तोही फारसा नाही. वाशीम ते अकोला सुमारे ८० किलोमीटर. ताशी ८० चा काटा धरणारा आणि ६० चा काटा धरणारा यांच्यात कागदावर वीस मिनिटांचा फरक पडतो. प्रत्यक्षात गावे, फाटे, ट्रॅक्टर आणि टोलनाका यांत तो दहा-बारा मिनिटांवर येतो. त्या दहा मिनिटांत बाजार समितीत आपण काय करतो? लिलाव सुरू व्हायची वाट पाहत बसतो.

याच रस्त्यावरची आणखी एक गोष्ट, आणि ती डिझेलपेक्षा मोठी आहे. मालेगाव, मेडशी मागे टाकले की पातूरपर्यंत घाट उतरावा लागतो. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड अनेकांना आहे. काही बहाद्दर तर किल्लीच बंद करतात. "तेवढंच डिझेल वाचते." त्या मुलालाही मी हे करताना पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. गाडीत मागे चाळीस पोती आणि शेजारी मी.

तर यात डिझेल वाचत नाही. गाडी गियरमध्ये असेल आणि पॅडलवरून पाय काढलेला असेल तर उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन डिझेल घेणे बंद करते. न्यूट्रल केले की मात्र इंजिनाला स्वतःला फिरत राहण्यासाठी डिझेल घ्यावे लागते. म्हणजे ज्याला आपण बचत समजतो तोच खर्च. किल्ली बंद केली तर डिझेल जात नाही हे खरे, परंतु मग ब्रेकला हवेच्या पोकळीची जी मदत मिळते ती दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते, पॅडल दगडासारखे होते, स्टिअरिंग जड होते, आणि इंजिनाचा जो आपसूक अडसर असतो तो तर नसतोच. सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की धरत नाहीत. कपभर डिझेलसाठी हा सौदा कोणत्या घरचा? आपल्या मुलाला गाडी शिकवताना बाकी काही सांगितले नाही तरी चालेल, पण घाटात गियर काढायचा नाही एवढे मात्र शपथ घालून सांगा.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याविषयी दोन शब्द. पिकअपचे इंजिन उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पिते. पुन्हा चालू करायला लागते ते काही क्षणांचे डिझेल. खताची पोती भरायला, पंपावरच्या रांगेत, रेल्वे फाटकात मिनिटभराच्या वर थांबायचे असेल तर बंद करावे. लांबून भार ओढत आल्यावर टर्बो असलेले इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करतात ते बरोबर आहे. पण मिनिटभर म्हणजे चहा आणि पानाचा विडा होईपर्यंत नव्हे. बॅटरी मेलेली असल्यामुळे धक्का द्यावा लागेल या भीतीने कित्येक जण गाडी बंद करत नाहीत; त्यांनी बॅटरीची किंमत आणि महिन्याच्या डिझेलची किंमत एकदा शेजारी-शेजारी लिहावी.

टायरची हवा सकाळी गार असताना पाहावी. चतुर्थांश हवा कमी असेल तर डिझेल पाच ते दहा टक्के जास्त जाते आणि टायर लवकर झिजतो तो वेगळाच. दारावर लिहिलेला आकडा वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हंगामात वाड्यावस्तीच्या रस्त्यांवर इतका फुफाटा असतो की हवेची जाळी पंधरा दिवसांत भरते. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, एवढे समजले तरी पुरे.

एवढे पाहिल्यावर मी त्या मुलाला दोष देणार होतो. घरी बसवून म्हटले, "अरे, एवढी घाई कायले करतो?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही मले खेपेवर पैसे देता. दोन खेपा झाल्या त दोन खेपेचे, एक झाली त एकीचे. गाडी पयवली नाही त दुसरी खेप कशी होईन? डिझेल तुमचं हाये, खेप माही हाये."

यावर मला उत्तर नव्हते. आजही नाही. पगार खेपेवर ठरवायचा आणि काटकसरीची अपेक्षा मात्र करायची, हा माझाच मूर्खपणा होता. ज्याला घाईचे पैसे मिळतात तो घाई करणारच. मी पद्धत बदलली. महिन्याचा ठरावीक पगार केला, आणि साडेअकराच्या वर जी सरासरी येईल तिच्या वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे त्याचे. वही त्याच्याच हाती दिली. दुसऱ्या महिन्यापासून गाडी बाराच्या वर आहे. कधी अकरा-सव्वाअकरा येते, पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने येतेच. अशा वेळी तोच मला आधी सांगतो की हवा पाहिली पाहिजे. जाळी आता तो स्वतः झटकतो. नव्या पंपाची मागणी मात्र परत ऐकू आलेली नाही.

एस.टी.च्या आगारात ही पद्धत जुनीच आहे. कोणत्या चालकाने किती डिझेलमध्ये किती किलोमीटर गाडी नेली याची नोंद तिथे ठेवली जाते. वाशीम किंवा रिसोड आगारातून निवृत्त झालेला एखादा चालक आपल्या गावात असेल तर त्याला ओट्यावर बसवून विचारावे. आपली तरुण पोरे गाडी शिकतात ती मित्राकडून आणि मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून. ज्याने तीस वर्षे पन्नास माणसे पाठीशी घेऊन घाट उतरला, त्याला कोणी विचारत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. काही सभासद म्हणतील, पिकअप ज्याची त्याची खासगी, कारखान्याच्या पत्रिकेत तिचे काय काम? काम आहे. आपला ऊस पिकअपने जात नाही, ट्रकने आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने जातो. आणि वाहतुकीचा खर्च कारखाना आपल्या पदरचा देत नाही. एफ.आर.पी.ची जी रक्कम जाहीर होते, २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, तिच्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊनच आपल्या खात्यावर पैसे पडतात. म्हणजे उसाच्या ट्रकमध्ये जळणारे डिझेल पिकअपइतकेच आपले आहे, फक्त पंपावर आपण नसतो.

इथे एक गंमत आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. पिकअप साडेदहावरून साडेबारावर गेली तर शंभर किलोमीटरमागे वाचतात दीड लिटर. उसाचा भरलेला ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर देत असेल आणि तो फक्त अर्धा किलोमीटर सुधारून चारवर आला, तर शंभर किलोमीटरमागे वाचतात साडेतीन लिटर. आपण मात्र पिकअपच्या दोन किलोमीटरवर भांडतो आणि ट्रकच्या अर्ध्या किलोमीटरला 'त्यात काय एवढे' म्हणतो. जी गाडी जास्त पिते तिच्यात सुधारणा थोडी दिसली तरी पैसा मोठा असतो. म्हणून माझी सूचना अशी की सरासरी 'लिटरला किती किलोमीटर' अशी न मोजता 'शंभर किलोमीटरला किती लिटर' अशी मोजावी. पोरांना पटकन समजते.

आपल्या भागात ऊस काही सलग नाही. पैनगंगेच्या काठाने, बॅरेजच्या पाण्यावर, विहिरीवर, कुठे चार एकर, कुठे सहा, मध्ये सोयाबीन-तुरीचे शिवारच्या शिवार. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या धुराड्याच्या सावलीत ऊस असतो तसे आपले नाही. गाड्यांचे अंतर लांब, म्हणून डिझेलचा वाटा मोठा, आणि म्हणूनच ही काटकसर त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

याला आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. वाहतूकदार टनामागे आणि किलोमीटरमागे ठरलेला दर घेतो. त्याने डिझेल वाचवले तर ते त्याच्या खिशात, आपल्याला काय? या हंगामापुरते ते बरोबर आहे. पण दर दरवर्षी ठरतो. ठरवताना वाहतूकदार डिझेलची पावती पुढे ठेवतो आणि आपण मान डोलावतो, कारण आपल्याजवळ दुसरा कागदच नसतो. प्रत्येक गटात चार-पाच गाड्यांची हंगामभराची नोंद असती, कुठला चालक, किती किलोमीटर, किती लिटर, काट्यावर किती तास उभा, तर बोलणे वेगळे झाले असते. वाहतूकदारही आपलाच माणूस आहे, बऱ्याच वेळा सभासदच आहे, त्याला बुडवावे असे मी म्हणत नाही. वाचेल त्यातले निम्मे त्याला, निम्मे दरात, अशी बोली करता येईल. माझ्या पोराबरोबर मी तेच केले.

आणि व्यवस्थापनाला एक विनंती. काट्याच्या अलीकडे गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात थंडीच्या रात्री कितीतरी इंजिने चालू असतात. रांग पावलापावलाने सरकते, म्हणून चालक बंद करत नाही. नंबराची चिठ्ठी देऊन गाड्या मोकळ्या जागेत उभ्या करायच्या आणि नंबराप्रमाणे दहा-दहा सोडायच्या, एवढे केले तरी ते थांबेल. याला फार खर्च येईल असे मला वाटत नाही. शेतकी विभागाने हे मनावर घ्यावे.

कोणी म्हणेल, आपल्या उसापासून इथेनॉल होते, २०२५ साली पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, मग तेलाची एवढी काळजी कशाला? इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. पिकअप, ट्रक आणि ट्रॅक्टर डिझेलवर चालतात.

रस्ते खराब आहेत हेही मी मान्य करतो. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये जे डिझेल जाते ते कोणत्याही पायाने वाचणार नाही, त्यासाठी मुरूमच टाकला पाहिजे. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरणाऱ्यांनीही सरासरीची तक्रार करू नये. त्यांची तक्रार चालकाने केली पाहिजे. गाडीतले रिकामे क्रेट, तुटका जॅक, मागच्या वर्षीचे पाइप उतरवून ठेवायला मात्र कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

नोंद कशी ठेवायची ते सोपे आहे. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची, शक्यतो त्याच पंपावर, आणि किती लिटर गेले ते लिहायचे. 'पाचशेचे टाक' म्हणणाऱ्याला सरासरी कधीच कळत नाही. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, तीन-चार वेळांचा मेळ घालावा. शेजारी एक रकाना चालकासाठी, एक मालासाठी. कोणी गाडी नेली आणि काय भरून नेले हे नसेल तर वही असून नसल्यासारखी.

माझी वही मी गट कार्यालयातल्या लिपिकाकडे ठेवली आहे. डावीकडे पुतण्याचे आकडे, उजवीकडे त्या मुलाचे, पेन्सिलीने खाडाखोड पुष्कळ आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी कामाच्या वेळात मागून घ्यावी. येत्या वार्षिक सभेपर्यंत निदान आमच्या गटातल्या दहा गाड्यांच्या अशा वह्या तयार झाल्या, तर वाहतूक दराच्या विषयावर मी उभा राहून दोन मिनिटे बोलणार आहे, त्याची नोटीस याच लेखाने समजावी.

— एक सभासद, ता. रिसोड